अर्धी टिटवी आईची

मामा: काही दिसतंय का आतून?

मी: सगळंच दिसतंय. तुझी चप्पल दिसतेय, स्टूलचा मोडका पाय दिसतोय, आणि आत्ता तुझं बिस्किट चहात पडलं, तेही दिसलं.

मामा: पडलं नाही. मी सोडलं.

मी: मामा, पालथ्या होडीखाली झोपलेय की चाळणीखाली, तेच कळत नाहीये. प्रत्येक दोन फळ्यांच्या मधून ऊन आत येतंय. अंगावर पट्टे पडलेत माझ्या. झेब्रा झालेय मी.

मामा: होणारच. सात वर्षं शेडमध्ये कोरडी पडलीय टिटवी. लाकूड सुकलं की आकसतं, मग फळ्या एकमेकींपासून लांब सरकतात. नातेवाइकांचं असतं तसं. फार दिवस भेट नाही झाली की फट पडतेच.

मी: मग तू एवढे दिवस का नाही आलास?

मामा: मी दातांचा डॉक्टर आहे बाई. आधी लोकांच्या फटी, मग घरच्या.

मी: पण या भरता येतील ना? खरं सांग, पेशंटला सांगतोस तसं नको. येत्या रविवारी मी शीड लावून एकटी तलावाच्या पलीकडच्या काठाला जाणार, असं अख्ख्या वर्गाला सांगून बसलेय.

मामा: अख्ख्या वर्गाला. आणि आईला?

मी: आईला सांगायचं शेवटी ठेवलंय.

मामा: मग तो शेवट आत्ताच येतोय बघ. आणि हातात मोजपट्टी घेऊन येतोय.

आई: ही होडीखाली का झोपलीय?

मी: झोपले नाही, तपासणी चाललीय. आई, तू टिटवीची लांबी-रुंदी का मोजतेस?

आई: फाटकाजवळ मावेल का बघते. माझ्या रोपवाटिकेत शिरणाऱ्या माणसाला पहिल्या पावलालाच काहीतरी दिसायला हवं. जुनी होडी, आत काठोकाठ माती, वर फुलं. छान दिसेल.

मी: होडीत माणसं बसतात, आई.

आई: या होडीत पाणी बसतं. माणसांना जागाच उरत नाही.

मामा: चिमे, ही होडी आपल्या बाबांनी स्वतःच्या हातानं बांधली. तिच्यात झेंडू लावणार तू?

आई: झेंडू कोण म्हणालं? आणि मातीनं भरलेल्या होडीचं एक बरं असतं, बुडत नाही.

मी: मीही बुडत नाही. शीड एकटीनं सांभाळायची परवानगी होडी शिकवणाऱ्या सरांनी दिलीय, सगळ्या वर्गासमोर दिलीय. पोहता येतं. जॅकेट घालते. बाबांना फोनवर विचारलं, ते नाही म्हणाले नाहीत.

आई: मग काय म्हणाले?

मी: 'आईला विचार.'

आई: लग्नापासून या माणसाचं एकच वाक्य ऐकतेय मी. जागा बदलते, वाक्य तेच.

मामा: शहाणा माणूस आहे.

आई: तू गप रे दादा. बिस्किट खा.

मामा: ते कपातच वारलं.

आई: हे बघ बये, तुझ्याशी वाद घालायला बसले तर माझी अर्धी रोपं वाळतील. एकच ठरवू. रविवारी सकाळी टिटवी पाण्यात सोडायची. तू आत बसायचंस. धक्क्यापासून पाण्यात तरंगणाऱ्या त्या लाल पिंपापर्यंत जायचं, वळसा घालून परत यायचं. मग आत आलेलं पाणी उपसायचं. एका बादलीपेक्षा जास्त निघालं तर होडी फाटकाजवळ, आणि परत विषय काढायचा नाही.

मी: आणि बादलीत मावलं तर?

आई: तर जा कुठे जायचंय तिकडे.

मी: एकटी?

आई: बादली मी आणणार. रोपांची. लहानातली.

मामा: न्यायाधीश आणि फिर्यादी एकच. चांगलं आहे.

मी: मला मान्य आहे. मामा, ऊठ. चहा झाला तुझा.

•

मी: हे हत्यार तुझ्या दवाखान्यातलं आहे ना?

मामा: निवृत्त झालंय. पुष्कळ अक्कलदाढा बघितल्यात त्यानं. घाबरू नकोस, उकळून आणलंय. फटीतली जुनी लांबी, म्हणजे भरलेला मसाला, याच्या टोकानं खरवडून काढ. दगडासारखी झालीय ती, तुकड्यातुकड्यानं निघेल. लाकडाला ओरखडा नको.

मी: दुखलं तर हात वर कर, टिटवे.

मामा: माझे विनोद चोरू नकोस. आता नीट बघ. कापूस घे, त्याची लांबच लांब वात वळ. सैल. फटीत ठेव. वर ही बोथट पटाशी टेकव, आणि लाकडी हातोडीनं हलकेच ठक, ठक, ठक. आवाज बदलला की थांबायचं.

मी: बदलतो म्हणजे कसा?

मामा: आधी उशीवर मारल्यासारखा येतो, मग दारावर मारल्यासारखा. दार ऐकू आलं की बास. वरून तेलात मळलेली लांबी बोटानं दाबायची, आणि झालं. आणि एक लक्षात ठेव भिंगरे, फट गच्च भरायची नाही.

मी: फट गच्च भरायची नाही, तर मग सकाळपासून आपण करतोय काय?

मामा: पाण्यात गेलं की लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या आपणहून जवळ येतात. कापसानं मध्ये नुसतं बसून राहायचं, लग्न जमवणाऱ्या मावशीसारखं. मावशीनं फार जागा अडवली की लग्न मोडतं.

मी: पण आत्ता उजेड दिसतोय ना तिथून. बघ, तू भरलेल्या फटीतूनही दिसतोय. तू भरलीस की तिला नुसता हात लावून आलास?

मामा: दिसू दे. उजेड आला म्हणजे पाणी येतंच असं नाही.

मी: माझ्या डोक्याला ते पटत नाही. उजेड शिरतो तिथून पाणी कसं नाही शिरणार? पाणी काय दारावरची घंटा वाजवून येतं?

मामा: डोक्याला नको पटू दे, हाताला पटलं तरी चालेल. असं करू. मधल्या बाकापासून पुढचा भाग माझा, मागचा तुझा.

मी: शर्यत?

मामा: शर्यत नाही. माझं वय बघ.

मी: तुझं वय बघूनच म्हणतेय. आपल्या शेजारच्या काकू मघाशी कुंपणावरून विचारत होत्या, 'डॉक्टर होडीला मालिश करताहेत का?' मी म्हटलं नाही, जरा डोळा लागलाय.

मामा: काकूंच्या डाव्या दाढेचं काम बाकी आहे. बघून घेईन मी. ही झाली माझी शेवटची फट. अरे, फोन. हॅलो. हो. पडली? गिळली तर नाही ना? मग ठीक. येतो. जातो गं मी, एकाची टोपी पडलीय.

मी: त्याला टोपी घालायला तू कशाला?

मामा: दातावरची टोपी. संध्याकाळी तुझ्या आईला हाक मार, दोघी मिळून होडी सरळ करून विटांवर ठेवा, फळ्या खाली टेकू देऊ नका. आणि ठोकताना कान उघडे ठेव. दार ऐकू आलं की?

मी: बास.

मामा: शाबास.

•

मी: आई, माझ्या होडीत माती आहे.

आई: अर्ध्या होडीत.

मी: आई, रोपंसुद्धा आहेत. लिंबाची. एका रांगेत, वर्गात बसवल्यासारखी. मी शाळेत जाते न जाते तोच तू ताबा घेतलास?

आई: दुपारी गाडी आली, दोन दिवस आधीच. निम्म्या पिशव्या फाटलेल्या, मुळं उघडी. वाफे भरलेत, कुंड्या भरल्यात. उघडी मुळं उन्हात ठेवू का? सरळ करून ठेवलेली होडी समोर रिकामी होती.

मी: रिकामी नव्हती. दुरुस्तीत होती.

आई: मधल्या बाकावर खडूनं रेघ मारलीय बघ. पुढचा भाग दादानं भरलाय. मी माझ्या भावाचं घेतलं, तुझ्यात चमचाभर माती गेलेली नाही.

मी: पण त्याच्या फटींतून माझी करंगळी जाईल, इतकं सैल केलंय त्यानं. खाली बघ काय झालंय. चिखलाचं डबकं. माझी चप्पल रुतली आत्ता.

आई: गळू दे. झाडांना निचरा लागतोच.

मी: ही युक्ती आहे. रविवारच्या आत सगळ्यांना होडीत झाडं बघायची सवय लावायची, मग कुणाला काही वाटत नाही.

आई: युक्ती करायची असती तर आख्खी भरली असती. तेवढी अक्कल आहे मला.

मी: ठीक आहे. तू तुझ्या देशात, मी माझ्या देशात. आता माझा देश बघ. हात फिरव. एकेका फटीत दोन-दोन वाती ठोकल्यात, वरून लांबी, घोटून घोटून काचेसारखी केलीय. उजेडाचा कण येत नाही.

आई: दादा म्हणाला होता ना, सैल ठेव म्हणून?

मी: मामा सगळंच सैल ठेवतो. पँटसुद्धा.

आई: हे मात्र खरं आहे.

मी: मग? मान्य कर, चांगलं झालंय.

आई: दिसायला चांगलं झालंय. हात धू आणि खाऊन घे. आणि ती झारी दे इकडे, माझ्या देशात दुष्काळ आहे.

•

मामा: मी काही केलेलं नाही. मी आत्ता आलोय.

मी: मामा, टिटवी टूथपेस्टसारखी पिळून निघतेय.

मामा: दाखव. अरेरे.

मी: असं 'अरेरे' तू पेशंटसमोर म्हणतोस?

मामा: तोंड उघडं असतं त्यांचं, काही बोलता येत नाही. काय काय झालं ते सांग.

मी: आई रोज झाडांना पाणी घालते. होडी मागच्या बाजूला कललीय, म्हणून ते सगळं पाणी सरहद्द ओलांडून माझ्याकडे येतं. मी तक्रार केली, ती म्हणाली पाण्याला पासपोर्ट लागत नाही. पण एक थेंब गळत नव्हता मामा, बादलीभर पाणी साचलं तरी. मी नाचत होते. वर्गात सांगून आले की माझी होडी पातेल्यासारखी झालीय. आणि आज बघते तर सगळी लांबी फटींतून बाहेर, आणि माझ्यासमोर 'काड्' असा आवाज झाला.

मामा: इथे बोट घाल. फळी आणि होडीच्या आतल्या लाकडी बरगडीच्या मध्ये.

मी: जातंय.

मामा: जायला नको होतं. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, शेजारणीजवळ सरकायला गेलं, तर मध्ये तू भिंत बांधलेली. मग ते जाईल कुठे? बाहेर. दोन दाढांच्या मध्ये तिसरी ठोकून बसवली तर दुसरं काय होणार?

मी: म्हणजे तिला नीट करता करता मीच मोडली.

मामा: एक फळी हललीय फक्त. ती मी परत बसवतो, तेवढं येतं मला. पण तुझ्या सगळ्या फटी उकरायच्या, एकेक वात बाहेर काढायची, एकेक ठेवायची.

मी: म्हण की, 'मी सांगितलं होतं.'

मामा: नाही म्हणत. तुझ्या तोंडावर लिहिलंय, मला चष्म्याशिवाय वाचता येतंय.

मी: पण आज गुरुवार. वाती सैल केल्या की परत चाळणी. रविवारी बादली काय, हौद भरेल. मग फाटकाजवळ टिटवी, आणि मी रोज शाळेत जाताना तिच्यातली फुलं बघत जाणार, आणि वर्गातल्या सगळ्या विचारणार. मामा, थांब. हलू नकोस.

मामा: झुरळ?

मी: खाली बघ. तुझ्या भागाखाली.

मामा: काही नाही तिथे.

मी: तेच तर. पहिल्या दिवशी इथे डबकं होतं. आज जमीन कोरडी आहे. आईनं सकाळीच दोन झाऱ्या घातल्यात. मागे माझ्याकडे येतं ते दिसतं मला, पण इथून खाली काहीच पडत नाही.

मामा: झाडं प्यायली असतील.

मी: झाडं एवढीशी आहेत. लाकूड प्यायलं, मामा. आईची ओली माती रात्रंदिवस फळ्यांना चिकटून बसलीय, आणि तुझ्या आळशी फटी तिनं बंद केल्या.

मामा: आळशी नाही, सैल. पण हात लावून बघू दे. खरंच की. मिटल्यात. माझ्या बहिणीनं माझी होडी दुरुस्त केली, आणि तिलाच पत्ता नाही.

मी: मग माझ्या भागालाही तेच हवं. नुसतं पाणी ओतलं तर आता गळून जाईल, थांबणारच नाही. माती पाणी धरून ठेवते.

मामा: मग सोपं आहे. चिमीला म्हण, रोपांची दाटी होतेय, थोडी माझ्या भागात लाव. अर्ध्या तासात ती स्वतः घमेली ओतेल, वर तुला पोटाशी धरेल. आणि खोटं कुठे आहे? दाटी आहेच.

मी: मातीही तिची आणि पैजही तिच्याशीच. आणि तिलाच न सांगता?

मामा: मीही लोकांना सांगतोच की, 'अजिबात दुखणार नाही.'

मी: आणि मग दुखतं. आणि मग ते परत येत नाहीत, तुझ्या समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे जातात.

मामा: हे लागलं हं मनाला.

मी: हात वर करायचा होतास.

•

मी: आई, हात रिकामे आहेत?

आई: हात मातीत आहेत. कान रिकामे आहेत, बोल.

मी: मला तुझी ओली माती हवी. माझ्या अर्ध्या होडीत भरायला.

आई: शरण आलीस?

मी: नाही. आधी सगळं ऐक, मग बोल. मी फार गच्च ठोकलं होतं म्हणून फळी सुटायला लागली. मामानं ती बसवली. जास्तीच्या वाती मी काल आणि आज बसून उकरल्या, बोटं बघ माझी. आता मागचा भाग नुसता गळतोय. पण तुझ्याकडचा भाग गळत नाही, कारण ओली माती लाकडाला फुगवते आणि फटी मिटतात. माझ्याकडे रविवारपर्यंत माती राहिली तर त्याही मिटतील. बहुतेक.

आई: म्हणजे इतके दिवस पाणी घालून घालून मी तुझी होडी दुरुस्त करत होते.

मी: अर्धी.

आई: आणि आता उरलेली अर्धीही मीच करावी, म्हणजे रविवारी मी हरेन. हे मागायला तू माझ्याकडेच आलीस.

मी: असं एका दमात म्हटलं की जरा विचित्र वाटतंय.

आई: दादानं काय सुचवलं होतं?

मी: मी मामाचं नावसुद्धा घेतलेलं नाही.

आई: 'रोपांची दाटी होतेय म्हण.' बरोबर? पाळण्यापासून ओळखते मी त्याला.

मी: मी नाही म्हटलं त्याला. आई, तू नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, मी रडेन, दोन दिवस जेवणार नाही, निदान एक दिवस. पण तुला फसवून गेले तर पलीकडे पोचून मजाच येणार नाही. तू धक्क्यावर उभी असशील आणि मला माहीत असेल.

आई: मी धक्क्यावर उभी राहणार नाही.

मी: का?

आई: राहून झालंय माझं.

मी: ती गोष्ट? मामा सांगतो ती? तू आठ वर्षांची होतीस आणि त्याच्यासाठी आख्खा बाजार गोळा केलास?

आई: तो हसत सांगतो. त्याच्यासाठी ती हसायचीच गोष्ट आहे. शीड उतरवून लव्हाळ्यात झोपला होता तो. होडी दोघांची होती, पण दोघं बसलो की पाणी जास्त यायचं. म्हणून तो पाण्यात आणि मी धक्क्यावर. शिडाकडे बघत राहायचं, एवढंच माझं काम. दिसेनासं झालं तर पळत जाऊन घरी सांगायचं.

मी: आणि ते दिसेनासं झालं.

आई: हो. बाजार गोळा केला म्हणतो. मी कुणाला हाक मारलीच नव्हती. मी पळत होते आणि 'परत ये, परत ये' म्हणत होते. पाण्याकडे पाठ करून. लोक आपणहून माझ्यामागे आले.

मी: हे मामाला माहीत आहे?

आई: त्या दिवशी तुझ्या आजोबांनी त्याला असा बदडला की माझं सांगायचं राहूनच गेलं. हसू नकोस.

मी: हसत नाहीये.

आई: हसतेयस. हस. मीही दाराआडून हसत होते, रडून झाल्यावर.

मी: आई, मी शीड उतरवणार नाही. दमले तरी नाही, वारा पडला तरी नाही. तू कुठूनही बघ, दिसेल.

आई: मी बघणार नाही म्हटलं ना.

मी: बरं.

आई: तिकडून कोपऱ्यातली घे. ही नको, ही कोरडी आहे. निम्मा भुसा मिसळ, पाणी जास्त धरेल. आणि मुठीनं दाबू नकोस, तुला प्रत्येक गोष्ट ठोकायची सवय आहे.

मी: आई.

आई: काय आई? रविवारी उजाडलं की सगळी माती काढायची, आणि लाकूड वाळायच्या आत पाण्यात सोडायची. फार दिवस ठेवली तर कुजेल.

मी: म्हणजे तुला वाटतंय, मी जिंकेन?

आई: मला वाटतंय, तू घमेलं उचलावंस. अंधार पडायच्या आत.

•

(रविवार सकाळ. धक्का. टिटवी लाल पिंपाला वळसा घालून नुकतीच परत आली आहे.)

मामा: उपस, उपस. पंचांचं लक्ष आहे.

मी: हे घे आई. हे. आणि हे शेवटचं. आता नुसता चिखल येतोय.

आई: फडक्यानं पूस आणि बादलीत पीळ.

मामा: चिमे, इतकं तर मी लोकांना थुंकायलाही लावत नाही.

आई: बादली सरळ धर, दादा. हलवू नकोस.

मी: मी बघत नाही. डोळे मिटलेत मी. कुणीतरी सांगा.

आई: पाऊण.

मी: पाऊण म्हणजे भरायला पाव बाकी, ना?

आई: पाऊण बादली. त्यातली बरीचशी माझी माती.

मामा: भिंगरे, डोळे उघड. आणि ओरडायचं असेल तर आत्ता ओरड, काकूंपर्यंत जाऊ दे.

मी: पलीकडे पोचले की ओरडते. आई, खरंच जाऊ?

आई: मी शब्द दिलाय. वर्गातल्या मुली कुठायत तुझ्या?

मी: सायकलवरून पलीकडच्या काठाला गेल्यात. पोचताना बघायचंय त्यांना मला.

मामा: मग वारा आहे तोवर निघ. पण आत्ता जाताना टिटवी नाक वर करून चालली होती. तू एकटी मागे बसलीस की पुढचं टोक हलकं होतं. एखादा दगड ठेव पुढे.

आई: दगड नको.

मी: मग?

आई: हे ठेव.

मी: लिंबाचं रोप? कुंडीसकट?

आई: जड आहे. पुढच्या बाकाला टेकवून ठेव, आणि दोरीनं बांध. कलंडता कामा नये.

मामा: दगडानंही भागलं असतं.

आई: दगड परत आणायला कुणी सांगत नाही.

मी: बांधलं. जॅकेट घातलं. सुकाणू हातात आहे. आई, तू धक्क्यावर थांबणार नव्हतीस.

आई: बादली मोजायला आले होते. मोजून झाली.

मामा: चिमे, तू त्या खोक्यावर बस. आज शिडाकडे मी बघतो. भिंगरीनं सांगितलं मला, तू पळताना काय म्हणत होतीस ते.

आई: तुला झोप लागेल.

मामा: नाही लागणार. आज उभा राहतो.

आई: मग जरा सरक. मला दिसत नाहीये.

मी: आई, दोरी सोडतेस ना?

आई: सोडली. ऐक.

मी: हं?

आई: ते रोप ऊन चढायच्या आत परत आण. लहान आहे अजून.